सत्यवानाचा प्रश्न

सावित्रीच्या सत्यवानाची एकच गोष्ट आपल्याला ठाऊक असते. महाभारताच्या शांतिपर्वात त्याची आणखी एक कथा आहे, पण ती वटपौर्णिमेला कुणी सांगत नाही. कुणालाही इजा न करता राजाने प्रजेचे रक्षण कसे करावे, असे युधिष्ठिर विचारतो. उत्तरादाखल भीष्म द्युमत्सेन राजा आणि त्याचा मुलगा सत्यवान यांचा संवाद सांगतात.

राजाज्ञेने काही जणांना वधासाठी नेत असतात. सत्यवान वडिलांना म्हणतो, वध हा धर्म होऊ शकत नाही. एका दरोडेखोराला मारले की त्याची बायको, आईवडील, मुले यांनाही मारल्यासारखेच होते. त्यांचा काय अपराध? शिवाय दुष्टही कधी सुधारतो, त्याच्या पोटी चांगली संतती जन्मते. द्युमत्सेनाची बाजूही लेचीपेची नाही. पूर्वी नुसता धिक्कार पुरत असे, मग कठोर शब्द, मग द्रव्यदंड, आणि आता वधाशिवाय भागत नाही, असे तो म्हणतो. सत्यवानाच्या सौम्य शिक्षांमध्येही कैद आणि विद्रूप करणे आहेच. मनुस्मृतीत तर देहदंड स्पष्ट सांगितला आहे. तेव्हा ‘आपला धर्म मृत्युदंडाविरुद्ध आहे’ असे सरसकट म्हणता येणार नाही. पण हा प्रश्न आपल्याच ग्रंथात इतक्या नेटाने विचारला गेला आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

आता अलीकडचे. थायोपेंटल हे औषध माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरमध्ये रोज पाहिले. पिवळसर पूड पाण्यात विरघळवून शिरेत दिली, की अर्ध्या मिनिटात रोग्याला भूल. अमेरिकेतील तुरुंगांत तेच मृत्युदंडाच्या तीन इंजेक्शनांपैकी पहिले होते. २०११ च्या जानेवारीत हॉस्पिरा कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, कारण ते इटलीत बनवायचे होते आणि मृत्युदंडासाठी वापरले जाणार नाही अशी हमी तिथले सरकार मागत होते. त्याच सुमारास नेब्रास्का राज्याने मुंबईच्या कायेम फार्मास्युटिकल्सकडून ५०० ग्रॅम थायोपेंटल घेतले. ‘रिप्रीव्ह’ या ब्रिटिश संस्थेने हा व्यवहार उजेडात आणला. एप्रिल २०११ मध्ये कायेमने जाहीर केले, की हिंदू धर्माची मूल्ये आम्ही मानतो, म्हणून निव्वळ मृत्युदंडासाठी हे औषध यापुढे विकणार नाही. बदनामीची भीती होती, असे कुणी म्हणेल. असेलही. तरी गिऱ्हाईक नाकारताना एका व्यापाऱ्याने धर्माचा आधार घेतला, हे मला महत्त्वाचे वाटते.

नेब्रास्कात कॅथलिक बिशपांनीही मृत्युदंड रद्द करण्याची बाजू उघडपणे घेतली होती. मे २०१५ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार ३० विरुद्ध १९ मतांनी मोडून तो रद्द केला. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी तो परत आणला, जवळजवळ ६१ टक्के मतांनी. द्युमत्सेनच जिंकला म्हणायचा!

मुंबईचे औषध कुणावर वापरले गेले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये नेब्रास्काने २१ वर्षांत प्रथमच मृत्युदंड दिला, तो चार वेगळ्या औषधांनी. त्यांत एक होते फेंटानिल. ऑपरेशनच्या वेळी वेदना कळू नयेत म्हणून आम्ही देतो, तेच.