न सांगता चालणारा श्वास

जिना चढून वर आलो की धाप लागते आणि थोडा वेळ बसलो की ती आपोआप शमते. ही धाप म्हणजे दुखणे नव्हे. शरीर आपला तोल सावरीत असते. शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सियस राहावी लागते. रक्तातील साखर, पाणी व क्षार यांनाही ठरलेली मर्यादा आहे. बाहेर ऊन असो वा थंडी, आतला हा तोल फारसा ढळत नाही. या व्यवस्थेला अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. मराठीत तिला समस्थिती म्हणतात. या पाठात आपण श्वासाचेच उदाहरण घेऊ.

१. राखण कोण करतो?

शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड वायू रक्तात साठू लागला, की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र ते ओळखते आणि श्वास वाढविते. वायू बाहेर गेला की श्वास पुन्हा संथ होतो. झोपेतही ही राखण चालूच असते. म्हणून हट्टी मुलाने श्वास कितीही रोखून धरला, तरी शेवटी त्याला तो घ्यावाच लागतो.

२. कोठीचा धडा

भुलीच्या औषधाने हा राखणदारच गुंगतो. हैदराबादच्या कोठी भागात पूर्वी ब्रिटिश रेसिडेन्सी होती. तेथील सर्जन एडवर्ड लॉरी हे हैदराबाद मेडिकल स्कूलचेही प्रमुख होते. त्या काळी क्लोरोफॉर्म देताना काही रोगी दगावत. आधी हृदय थांबते की श्वास, असा वाद होता. निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन आयोगांनी जनावरांवर प्रयोग केले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले होते. आधी श्वासच थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावरून नजर काढू नये, असा निष्कर्ष निघाला.

सल्ला मोलाचा होता, पण निष्कर्ष अपुरा ठरला. क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते, हे लेव्ही यांनी १९११ साली दाखविले. शरीराचा तोल एका अवयवावर नव्हे, अनेकांच्या मेळावर उभा आहे. आज भूलतज्ज्ञ श्वास, नाडी, रक्तदाब व रक्तातील प्राणवायू या सर्वांवर लक्ष ठेवतात. रोग्याच्या शरीराला जे काही वेळ जमत नाही, ते दुसरा माणूस जागा राहून त्याच्यासाठी करतो.

३. आपले काम

कोणी बेशुद्ध पडला, तर कांदा हुंगवीत बसू नये. तोंडात पाणी तर मुळीच घालू नये. गिळण्याची शुद्ध नसल्याने ते श्वासनलिकेत जाते. प्रथम छाती हलते का, श्वास चालू आहे का ते पाहावे. श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत जवळून हलू नये.

वर्गासाठी

मुलांनी बसल्या जागी एक मिनिट श्वास मोजावेत. मग जागेवरच एक मिनिट धावून पुन्हा मोजावेत व पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. दम्याच्या मुलाला धावण्यास न लावता मोजणीचे काम द्यावे.

प्रश्न: (१) तिसरा आकडा पहिल्याजवळ का येतो? (२) झोपेत श्वास का थांबत नाही? (३) बेशुद्ध माणसाला पाणी का पाजू नये?