जुना ट्रॅक्टर सुरू करताय? आधी सेल्फ मारू नका

22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात भिजलेला किंवा वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रॅक्टर चिखलणीआधी काढायचाय? थेट सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

1) ऑइल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. ऑइल आणि फिल्टर बदला.
2) टाकीतलं जुनं डिझेल काढा, डिझेल फिल्टरही बदला.
3) गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या.
4) इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर नको, मेकॅनिक बोलवा.
5) एअर क्लीनरमधलं उंदराचं घर काढा, रेडिएटर भरा.
6) इंजेक्टर बसवून लाइनमधली हवा काढा, मगच सेल्फ मारा.

सुरू झाल्यावर ऑइल प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद करा.