शिकवणी लावण्याआधी हिमोग्लोबिन तपासा

मुलगी शाळेतून येते ती दप्तर टाकून आडवीच होते. पुस्तक उघडलं की पेंगते, जिना चढताना धापते. घरातले म्हणतात, आळशी झालीय, नाहीतर मोबाइलला दोष देतात. शिकवणी वाढवण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या, एवढंच आग्रहानं सांगायचं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या मुलग्यांतही हे प्रमाण ३१ टक्के होतं, त्यामुळे मुलग्यांना यातून वगळू नका.

लोह कमी पडलं की फक्त अंगातली ताकद जाते असं नाही, शिकणंही जड जातं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात शाळकरी मुलींवर झालेला एक अभ्यास १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन ठीक असूनही ज्यांच्या शरीरातला लोहाचा साठा आटला होता अशा मुलींना आठ आठवडे लोह दिलं, तर शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्या सुधारल्या. आपल्याकडे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात वसतिगृहातल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी देऊन पाहिली. त्यांच्या शरीरातलं लोह वाढलं, लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतही फरक दिसला. भाकरीतून हे साधलं, याचं मला फार मोल वाटतं.

सुरुवात तपासणीनं करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि ८च्या खाली असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. पाळी सात दिवसांहून जास्त चालते का, पॅड दर तासा-दोन तासांनी बदलावा लागतो का, हे आईनं मोकळेपणानं विचारावं आणि डॉक्टरांना सांगावं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. तो झालेलाच असेल तर डॉक्टर रोजची मात्रा देतात, साधारण तीन महिने. बरं वाटलं की पंधरा दिवसांत गोळ्या बंद करणारे खूप असतात, तिथेच सगळं फसतं. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरायला वेळ लागतो.

गोळी जेवणानंतर द्या, उपाशीपोटी मळमळतं. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका. शौचाला काळं होईल, त्याला घाबरायचं कारण नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ती गुपचूप गोळी फेकून देईल. फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नका. शाळेत गोळ्या मिळत नसतील तर आशाताईंना विचारा.

खाण्यातली पहिली गोष्ट म्हणजे चहा. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह शरीरात पुरेसं शिरू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर तरी चहा-कॉफी नको. या एका बदलाला पैसा लागत नाही, म्हणून तो मी सगळ्यात वर ठेवीन. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. मटकीच्या मोड आलेल्या उसळीवर लिंबू पिळा, बाजरीच्या भाकरीबरोबर पालेभाजी द्या, अळिवाचे लाडू करा. भाजी लोखंडी कढईत करा, पण शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा. खात असाल तर सुकट, अंडी, मटण, कलेजी ठेवा. मांस-मासळीतलं लोह शरीराला सहज मिळतं. बीट लाल दिसतं म्हणून रक्त वाढवतं असं नाही, त्याच्यात लोह फारसं नसतं.

पहिली तपासणी झाल्यावर महिनाभरानं पुन्हा रक्त तपासा. आकडा हलला नसेल तर गोळ्या नीट घेतल्या जातायत का ते पाहा. घेत असूनही फरक नसेल तर डॉक्टरांना दुसरं कारण शोधू द्या.

आणि एक विनंती. उरलंसुरलं खाऊन उठणाऱ्या आईचं रक्त बहुतेक घरांत शेवटी तपासलं जातं, किंवा जातच नाही. पुढच्या वेळी लेकीला घेऊन आरोग्य केंद्रात जाल तेव्हा स्वतःचं बोटही पुढे करा.