आधी खाण्याचा डबा बाजूला ठेव

अगं, सगळ्यात आधी तो खाण्याचा डबा उचल आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव. बाकीचं सावकाश बोलू. मासा शेपटी वर, डोकं खाली असा तरंगतोय, मध्येच पोट वर करतोय, पण कल्ले नीट हलतायत आणि तू काचेजवळ गेलीस की तुझ्याकडे यायला धडपडतोय, असं तूच सांगितलंस ना? मग त्याच्यात अजून भरपूर जीव आहे. रडू नकोस. आणि दुकानातून आणलेली ती निळी बाटली अजून उघडली नसशील तर उघडूही नकोस.

आत काय झालंय ते आधी समजून घे, म्हणजे हात आपोआप आवरेल. माशाच्या पाठीच्या कण्याखाली हवेची पिशवी असते. शाळेत वाताशय म्हणून शिकलो होतो बघ. तिच्यातली हवा कमी-जास्त करून मासा पाण्यात हव्या त्या उंचीवर स्थिर राहतो. गोल्डफिशमध्ये तिचे दोन कप्पे असतात, आणि एका बारीक नळीने ती थेट अन्ननलिकेला जोडलेली असते. आता तुझ्या माशाच्या त्या आखूड, गोल पोटात आतडं, यकृत आणि ही पिशवी किती दाटीवाटीने बसलेली असतील याचा विचार कर. आतडं जरा फुगलं की पिशवीवर दाब येतो आणि तोल जातो. तू आणलेला गोल्डफिश ओरांडा जातीचा आहे. ओरांडा, र्‍यूकिन, ब्लॅक मूर, रांचू या सगळ्यांना हे गोल शरीर माणसाने दिलंय, पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून. लांबट अंगाच्या साध्या गोल्डफिशला हा त्रास बराच कमी होतो. म्हणून मी म्हणते, दुखणं पिशवीचं दिसतं, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा पोटात किंवा पाण्यात असतं. औषध ओतण्याआधी या दोन गोष्टी बघायच्या.

पोटाचं बघ. आपल्याकडचे शोभेचे मासे मुख्यतः चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि पश्चिम बंगालमध्ये वाढवतात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून ते दूरदूरच्या दुकानांत जातात. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण घरी आल्यावर आपलं मन राहत नाही. पाहुणा आलाय, भुकेला असेल, म्हणून सकाळी तू टाकतेस, दुपारी सासूबाई टाकतात, शाळेतून आल्यावर मुलं टाकतात. गोल्डफिशला जठरच नसतं, ठाऊक आहे का? खाल्लेलं साठवायला जागा नाही, सगळं थेट आतड्यात. त्यात ते कोरडे, तरंगणारे दाणे. पृष्ठभागावर तोंड काढून गिळताना दाण्याबरोबर हवाही आत जाते, आणि दाणा आत गेल्यावर पाणी पिऊन फुगतो.

म्हणून दोन-तीन दिवस कडकडीत उपास. मन घट्ट कर. तो काचेशी येऊन तोंड उघडझाप करेल, तुझ्या पोटात कालवेल, तरी नाही म्हणजे नाही. धडधाकट गोल्डफिशला एवढ्या उपासाने काहीही होत नाही. त्यानंतर मटार. सध्या भाजीबाजारात ढिगाने आलाय. एक दाणा घे, मीठ न घालता मऊ शिजव, गार होऊ दे. मग चिमटीत धरून साल काढ. ते पातळ, अर्धपारदर्शक साल निघालं की आतल्या दोन डाळिंब्या सुट्या होतात. त्या बोटाने चुरून मोहरीएवढे कण कर आणि दोन-चार कण बुडतील असे सोड. मग विष्ठेकडे लक्ष ठेव. मागे लांब, पांढरट, हवेचे बुडबुडे अडकलेला धागा लोंबत असेल तर आतडं तुंबलेलं आहे. आखूड, गडद रंगाची आणि लगेच खाली पडणारी दिसली की सुटलं समज. मटार हा काही रामबाण नाही, त्यातला चोथा आतडं हलकं करायला मदत करतो, एवढंच. तुझ्या जावेकडे फायटर मासा आहे ना, तिला मात्र हे सांगू नकोस. फायटर मांसाहारी, त्याला मटार पचत नाही. त्याला नुसता उपासच पुरे.

आता थंडीकडे ये. टाकी गॅलरीच्या खिडकीखाली ठेवली आहेस. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला तर त्याहून खाली, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा हे खरं, पण थंडी त्याला हळूहळू यावी लागते. दुपारी उन्हाने तापलेलं आणि पहाटे गारठलेलं पाणी त्याला सोसत नाही. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि तेच दाणे आतड्यात पडून राहतात. टाकी आतल्या भिंतीशी हलव. या गोल जातींना साधारण 20 ते 23 अंश मानवतं. छोटा हीटर लाव, 50 लिटरला 50 वॅटचा चालेल, पण तापमान दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त चढवू नकोस. आणि थर्मामीटर घेच. हात बुडवून कळत नाही गं.

पाण्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नवी टाकी धुऊनपुसून, त्याच दिवशी नळाचं पाणी भरून मासा सोडलास. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते शुद्ध करताना त्यात क्लोरीन घातलेलं असतं. आपल्याला ते सुरक्षित, माशाचे कल्ले मात्र त्याने भाजून निघतात. बादलीत दिवसभर उघडं ठेवलं की बरंचसं क्लोरीन उडून जातं, तरी थेंबांचं अँटिक्लोरीन घातलेलं बरं. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वसलेले असतात, ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत ते जिवाणूच नाहीत. ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखं स्वच्छ दिसलं तरी मासा विषात पोहत असतो. आजारी मासा तोल सोडतो तो यामुळेही.

म्हणून बाजारातून अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा किट आण. दोन्ही शून्य यायला हवेत. येत नसतील तर रोज पाव हिस्सा पाणी बदल, त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. सगळी टाकी रिकामी करून घासू नकोस, स्पंज नळाखाली धुऊ नकोस. काढलेल्या टाकीच्या पाण्यातच तो पिळून घे, नाहीतर जे थोडे जिवाणू वसू लागलेत तेही जातील. त्या निळ्या बाटलीला, म्हणजे मिथिलिन ब्लूला, मी नको म्हटलं तेही यासाठीच. बुरशीवर तिचा उपयोग आहे, पण इथे काही फायदा नाही, उलट टाकीतले कामाचे जिवाणू ती मारते. अँटिबायोटिकच्या पुड्यांचंही तेच. एप्सम सॉल्टने आतडं मोकळं व्हायला मदत होते. पण ते आपलं स्वयंपाकाचं मीठ नव्हे, आणि प्रमाण जाणकाराला विचारल्याशिवाय घालू नकोस.

तोवर त्याची सेवा कर. पाण्याची उंची कमी कर, म्हणजे वर-खाली जायला त्याला कष्ट पडणार नाहीत. फिल्टरचा झोत मंद कर. पोट पाण्याबाहेर उघडं राहत असेल तर ती कातडी कोरडी पडून जखम होते, तिथे रोज नीट बघ. उलट तळाशी पडून राहायला लागला तर टोकदार खडे काढून टाक.

काही खुणा दिसल्या तर मात्र उपास-मटार सोडून लगेच डॉक्टर गाठायचा. खवले उभे राहून वरून पाहताना मासा अननसासारखा दिसायला लागला, अंगावर लाल चट्टे आले, डोळे बाहेर आले किंवा कल्ल्यांची धाप लागली, तर दुखणं आतल्या संसर्गाचं किंवा मूत्रपिंडाचं असू शकतं. मासे बघणारे पशुवैद्य कमीच असतात, फोन करून विचारूनच जा. एक्स-रे निघाला तर हवेची पिशवी काळी, स्पष्ट दिसते. फुगली आहे, सरकली आहे की तिच्यात पाणी भरलंय ते कळतं आणि अंदाज संपतो.

आणि समजा, सगळं करूनही तो थोडा तिरकाच राहिला, तर? राहू दे. जन्मतःच पिशवी वाकडी असलेले मासेही असतात. खातोय, फिरतोय, अंगावर जखम नाही, तर तिरका पोहत तो वर्षानुवर्षं जगू शकतो. फक्त दाणे आता बुडणारे घे, दोन मिनिटं पाण्यात भिजवून दे, आणि दिवसातून दोनदा अगदी थोडे. वास्तूसाठी म्हणून आणलेला तो काचेचा छोटा बाऊल त्याच्यासाठी कधीच वापरू नकोस. एका ओरांड्याला निदान 70-75 लिटर पाणी लागतं.

घरातलं कुणी म्हणेल, सोडून ये गोदावरीत, सुटेल बिचारा. तसं अजिबात करू देऊ नकोस. सोमेश्वरच्या काठावर सोडलास तर तोल गेलेला हा मासा घारी-बगळ्यांच्या तोंडी जाईल, आणि चुकून जगलाच तर नदीतल्या आपल्या माशांना रोग देईल. टाकीतून सुटलेल्या सकर माशाने उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांची काय दशा केली आहे ते त्यांनाच विचार. दुसरा मासा जोडीला आणायची घाईही नको. किट सलग शून्य दाखवायला लागू दे, मग बघू. उद्या सकाळी टाकीतलं तापमान आणि अमोनियाचा आकडा मला कळव.