चालता येत नाही, तर वजन कसे उतरणार?



बाळंतपणानंतर अंग सुटले की शेजारीण असो, सासू असो की दवाखान्यातला माणूस असो, सल्ला एकच मिळतो: "रोज सकाळी चालायला जात जा." जिला धड उभेच राहता येत नाही तिने या सल्ल्याचे काय करायचे? कोणाच्या पायात लहानपणापासून पोलिओ आहे, कोणाचा खुबा सिकलसेलने खराब झाला आहे, कोणाला बाळंतपणापासून नुसती कूस बदलली तरी ओटीपोटाखालच्या हाडात कळ येते. अशा लेकी-सुना आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. विहारात त्या फारशा दिसत नाहीत, कारण बहुतेक विहारांना पायऱ्या आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी तर जास्तच.

आधी कारण शोधा

वजन वाढले म्हणून चालता येत नाही, की चालता येत नाही म्हणून वजन वाढले? हा प्रश्न फार कमी ठिकाणी विचारला जातो. बाई जाड दिसली की दुखण्याचे खापर जाडीवर फुटते आणि तपासणी तिथेच थांबते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर असे थांबून चालणारच नाही. सातपुड्याच्या या पट्ट्यात भिल्ल, पावरा बांधवांमध्ये सिकलसेल आहे हे सर्वांना माहीत आहे. पण हा फक्त आदिवासींचा आजार नव्हे. पूर्वाश्रमीच्या महार समाजातही, विशेषतः विदर्भात, तो मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि डॉक्टर हे १९५० च्या दशकापासून लिहीत आले आहेत. म्हणजे आपल्या घरातही तो असू शकतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या अशा तुंबल्या की ते हाड हळूहळू मरते आणि खचते. जांघेत दुखते, कधी गुडघ्यातच दुखते, बाई लंगडू लागते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सिकलसेलचा त्रास वाढतो, त्यामुळे पुष्कळदा हे दुखणे याच काळात पहिल्यांदा लक्षात येते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआय करावा लागतो.

शहादा तालुक्यातल्या एका लेकीचे असेच झाले. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती लंगडू लागली. ज्या दवाखान्यात ती गेली तिथे तिला दुखणे थांबवायच्या गोळ्या आणि "वजन कमी करा" एवढेच मिळाले. तिने इमानाने चालायला सुरुवात केली. खुबा आणखी खचला, मग ती घरात बसली आणि वजन आणखी वाढले. सिकलसेलची तपासणी झाली ती वर्षभराने, तीही धाकट्या मुलाचे अंग सारखे दुखते म्हणून. म्हणून सांगते: जांघेतले दुखणे दोन आठवड्यांहून जास्त राहिले तर सिकलसेलची रक्ततपासणी झाली आहे का, हे आधी विचारा. सोल्युबिलिटीची चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीतून वाहक की आजारी ते कळते. वाहकाला सहसा हा त्रास होत नाही. पुढे हाडाच्या डॉक्टरांसाठी नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे चिठ्ठी मागून घ्या.

वजनाचा आणि खुब्याचा संबंध मात्र खरा आहे. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. पाच किलो उतरले तर प्रत्येक पावलाला बारा-पंधरा किलोचा भार कमी होतो. म्हणून वजन उतरवायचेच आहे, पण ते चालून नव्हे.

पोलिओचे सांगायचे तर देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, पण त्याआधी पाय गेलेल्या मुली आज आई होत आहेत. त्यांचा सगळा भार चांगल्या पायावर आणि हातांवर असतो. पोटात बाळ वाढते तसा तो पाय, ते मनगट थकते. आणि ओटीपोटाच्या हाडांच्या दुखण्याबद्दल एवढेच की ते बहुतेकींचे काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरे होते. तोवर परकर एका पायावर उभे राहून घालू नका, बसून घाला. अंथरुणातून उठताना दोन्ही गुडघे जुळवून एका कुशीवर वळा आणि हाताने रेटा देऊन उठा.

जाड, तरी रक्त कमी

नंदुरबार म्हटले की वर्तमानपत्रात कुपोषणाची बातमी असते. त्यामुळे जाड बाईकडे कोणी बघत नाही, "हिला काय धाड भरली" असेच म्हणतात. पण तीच बाई चढावर धापा टाकते, डोळ्याची खालची पापणी ओढली तर पांढरीफटक दिसते. चरबी वाढली म्हणजे रक्त वाढले असे नसते. चहा, बिस्किटे, साखर, तेल आणि पांढरा भात यांवर अंग सुटते, पण रक्त तयार व्हायला प्रथिने आणि लोह लागते. ते ताटात नसेल तर अंग भरते आणि रक्त कमीच राहते.

म्हणून पहिले सहा आठवडे वजनाचा विचार नको. बाळंत होताच पाच-सहा किलो आपोआप जातात: बाळ, वार, पाणी. पुढे पाण्याची सूज उतरते. या काळात उपवास, एकवेळ जेवण, वजन उतरवणारी पावडर, जाहिरातीतल्या गोळ्या, यांतले काहीही नको. पोटाला पट्टा बांधल्याने आधार मिळतो, चरबी जळत नाही. तो करकचून बांधला तर उलट खालच्या अंगावर दाब येतो. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी आणि सोबत कॅल्शियमची गोळी घ्यायची असते. त्या मोफत मिळतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका. सिकलसेलचा आजार असेल तर लोहाची गोळी मात्र डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितली तरच, फॉलिक ॲसिड रोज.

सहा आठवड्यांनी जी तपासणी होते तिला जा, नेणारे कोणी नसेल तर आशाताईला सांगा. गरोदरपणात साखर वाढली होती तर ती पुन्हा तपासा. फार थकवा, केस गळणे, थंडी वाजणे असेल तर थायरॉईडही. अंतरा इंजेक्शनने काहींचे वजन वाढते. तसे वाटले तर मनाने बंद करू नका, दुसरा उपाय विचारून घ्या.

ताटाची गोष्ट

ज्या बाईला फिरता येत नाही तिचे वजन मुख्यतः ताटातून उतरते. आणि ताट तिच्या हातात नसते, ते घरच्यांच्या हातात असते.

संयुत्त निकायात कोसलच्या राजा प्रसेनजिताची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाई. जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, तेव्हा भगवंतांनी त्याला भोजनात मात्रा ओळखायला सांगितले. राजाने काय केले? सुदर्शन नावाच्या तरुणाला ते वचन पाठ करायला लावले आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला बसवले. आहार हळूहळू कमी होत नाळीभरावर आला, अंग हलके झाले. मला या गोष्टीत दोन शब्द महत्त्वाचे वाटतात: हळूहळू, आणि सुदर्शन. राजालाही ते एकट्याने जमले नाही.

पण आपली बाळंतीण राजा नव्हे. तिला जेवण जास्त होत नाही, गोड जास्त होते आणि डाळ कमी पडते. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन मोठ्या भाकरी आणि वर मोठी वाटीभर घट्ट डाळ. हे ती जेवणातूनच घेऊ शकते. त्यावर सकाळ-संध्याकाळ डिंकाचे दोन-दोन लाडू, तुपाचा शिरा, दिवसाला पाच कप चहा असे चालते. चहात दोन-दोन चमचे साखर धरली तरी दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम साखर नुसती चहातून जाते. लाडू बंद करा असे मी म्हणत नाही, आजीच्या हातचा लाडू बंद करवण्याची माझी छाती नाही. दिवसाला एक छोटा, लिंबाएवढा. चहा दोन कप, अर्धा चमचा साखर. टोस्ट, खारी, बिस्किटाचा पुडा घरात आणूच नका, कारण बसून असलेल्या माणसाचा हात तिकडेच जातो.

ताटात काय हवे ते आपल्या खान्देशात आहेच. कळण्याची भाकरी करा. ज्वारीत उडीद दळलेला असल्याने तिच्यात प्रथिने जास्त. नवापूरची तूर, मठ, चवळी, हरभरा, मूग. खात असाल तर रोज एक अंडे, आठवड्यात दोनदा मासे. सुके बोंबीलही चालतात, मीठ धुऊन. मेथी, शेपू, अंबाडी, शेवग्याचा पाला. पिकलेली पपई बाळंतिणीला चालते. शहाद्यात ती पिकते आणि आपल्याच बायका ती तोडायला जातात, मग खायला बंदी का? अर्धे ताट भाजीचे, पाव ताट भाकरी किंवा भात, पाव ताट डाळ-अंडे-मासे. रश्शावरची तेलाची तर्री काढून ठेवा. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे हा समज सोडा. सिकलसेल असेल तर पाणी कमी पिणे धोक्याचेच.

महिन्याला एक-दोन किलो उतरले तर उत्तम. काट्यावर उभे राहता येत नसेल तर दोरा घ्या. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी बेंबीच्या पातळीवर कंबरेभोवती दोरा धरून गाठ मारा. दर महिन्याला त्याच दोऱ्याने मोजा. गाठ आत सरकली की कळेल. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे धरतात.

बसून करायचा व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाच्या सूचना दिल्या. त्यांत बाळंतपणानंतरच्या बायकांचा आणि अपंग व्यक्तींचा वेगळा विचार आहे. दोघींसाठी ध्येय आठवड्याला १५० मिनिटे असे आहे, पण थोडे केले तरी फायदा होतोच, असेही त्यात म्हटले आहे.

पहिल्या आठवड्यापासून चालेल असा व्यायाम श्वासाचा. विहारात आनापान शिकला असाल तर अर्धे काम झाले. पाठ टेकून बसा. श्वास सोडताना ओटीपोट आत घ्या आणि लघवी अडवतो तसे खालचे अंग आवळा, पाचपर्यंत मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा प्रयोग करू नका. खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर याने फरक पडतो. शिवाय पडल्या-पडल्या पावले खाली-वर हलवत राहा, म्हणजे पोटरीत रक्त गोठत नाही.

सहा आठवड्यांनी, सिझेरियन असेल तर डॉक्टरांना दाखवून, प्लास्टिकची हातवाली खुर्ची भिंतीला टेकवा. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातात घ्या. हात समोर, बाजूला, डोक्यावर. मग हवेत ठोसे मारा. मोबाईलवर भीमगीत लावा: दोन गाणी झाली की साधारण दहा मिनिटे होतात. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत दम लागला पाहिजे. खुब्याला दुखत नसेल तर बसल्या जागी एकेक गुडघा उचला, दुखत असेल तर पाय राहू द्या, हात पुरेत. सिकलसेल असलेल्यांनी उन्हात, तहानेने किंवा पार दमेपर्यंत करायचे नाही. ज्या सरकत चालतात त्यांनी बसायच्या जागेची कातडी रोज कोणाकडून तरी पाहून घ्यावी. लाल डाग गेला नाही तर जखम होणार असे समजा.

घरचे आणि समाज

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे असे सांगितले. त्या विश्रांतीला आपल्या घरांत काय अर्थ उरला आहे? सव्वा महिना खाटेवर, आणि नंतर लगेच पाण्याचे हंडे. चालता न येणाऱ्या बाईला तर ना नीट विश्रांती, ना हालचाल. पाणी भरणे नवऱ्याने घ्यावे. संडासात बसता येत नसेल तर मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. संडासला जायला त्रास नको म्हणून कितीतरी बायका पाणी आणि भाजी कमी करतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत सिकलसेलही आहे. ४० टक्के किंवा जास्तीचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड असेल तर कुबड्या, व्हीलचेअरसाठी एडिप योजनेत अर्ज करता येतो. याच कायद्याने दिव्यांग व्यक्तीला सरकारी दवाखान्यात आधी तपासण्याची तरतूद केली आहे. रांगेत उभे राहू नका, हक्काने पुढे जा. आणि जयंती मंडळांना विनंती: यंदाच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा, विहाराला उतार बांधा, वंदनेसाठी चार खुर्च्या घ्या.

बाई सतत रडत असेल, बाळाकडे बघत नसेल, "मी मेलेली बरी" म्हणत असेल तर तो आळस नव्हे की नाटक नव्हे, आजार आहे. तिला एकटे सोडू नका, दवाखान्यात न्या.

पहिल्या सहा आठवड्यांत, आणि बसून असलेल्या बाईत त्यानंतरही, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट बघू नका: एकच पाय किंवा पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप किंवा छातीत दुखणे, खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी, फिट, ताप, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड भिजेल इतके रक्त. १०८ ला फोन करा, आणि फोनवरच सांगा की बाई बाळंत झालेली आहे, तिला चालता येत नाही, स्ट्रेचर घेऊन या.