मोटारीच्या शीतन-यंत्रणेची घरगुती धुलाई व पुनर्भरण

मोटारीच्या एंजिनात इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा स्थूलमानाने एक-तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो, आणि उरलेला बराचसा एंजिनाच्या धातूत शिरतो. ही शेवटची उष्णता वेळीच वाहून नेली नाही, तर दट्ट्ये प्रसरण पावून सिलिंडरात अडकतात आणि एंजिन निकामी होते. म्हणून एंजिनाच्या पोकळ भिंतींतून पंपाच्या साह्याने द्रव खेळविला जातो. तो तापून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येतो, तेथे वाऱ्याला उष्णता देतो व पुन्हा एंजिनाकडे परततो. या मार्गातील थर्मोस्टॅट नावाची झडप एंजिन पुरेसे तापल्यावर, बहुधा ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास, उघडते.

हा द्रव ठरावीक काळाने बदलावा लागतो. हे काम घरी करता येण्याजोगे आहे. परंतु कोणते पाणी भरावे आणि काढलेला द्रव कोठे टाकावा, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठाऊक असली पाहिजेत. चेन्नई शहरातील अण्णा नगर या वसाहतीचे उदाहरण घेतले असता दोन्ही प्रश्न स्पष्ट होतात.

पाणी कोणते घ्यावे?

१९६८ साली जेथे मोठा व्यापारमेळा भरला होता, त्या परिसरात अण्णा नगर वसले. येथील अनेक घरांत नळाच्या पाण्याबरोबर आवारातील विंधन विहिरीचे पाणीही वापरात असते. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोलावरम्, रेड हिल्स व चेंबरंबाक्कम् हे शहराचे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा तर विंधन विहिरी आणि टँकर हाच पुष्कळांचा आधार होता.

भूजल बहुधा दुष्फेन, म्हणजे व्यवहारात ज्यास जड म्हणतात तसे असते. त्यात विरघळलेले कॅल्शिअम बायकार्बोनेट तापविले असता त्याचे कॅल्शिअम कार्बोनेट बनते, आणि ते पाणी तापविण्याच्या भांड्यात दिसते तशा पांढऱ्या पुटांच्या रूपाने धातूवर बसते. ही पुटे उष्णता फार मंद गतीने वाहून नेतात. शिवाय धातू जेथे अधिक तप्त, तेथेच ती अधिक साचतात. म्हणजे शीतनाची गरज जेथे सर्वांत जास्त, तेथेच अडथळा उत्पन्न होतो.

येथे थोडे गणित करून पाहावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट. दुसरा स्रोत नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत ती चालते. अशा ६०० मिलिग्रॅमच्या पाण्याने सहा लिटरांची यंत्रणा एकदा भरली, तर आत फार तर ३.६ ग्रॅम क्षार जातील. परंतु यंत्रणेस गळती असून दर आठवड्यास अर्धा लिटर पाणी वर घालण्याची सवय असेल, तर वर्षाकाठी २६ लिटर पाणी व त्यासोबत १५.६ ग्रॅमपर्यंत क्षार आत जातात. पाणी वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे राहतात. यावरून दिसेल, की जे पाणी माणसास पिण्यास योग्य ते एंजिनास योग्य असतेच असे नाही.

उकळलेल्या पाण्यातून एकाच प्रकारची कठीणता जाते. घरगुती शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यातही काही क्षार उरतात. म्हणून बॅटरीसाठी मिळते ते ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणीच घ्यावे.

गोठणरोधकाचे प्रयोजन

चेन्नईत पाणी कधीच गोठत नाही. मग गोठणरोधक कशाला, अशी शंका येते. या द्रवात मुख्यतः एथिलीन ग्लायकोल असते. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते, त्याचप्रमाणे उत्कलनबिंदू वर नेते; समप्रमाण मिश्रण साध्या हवेच्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांस उकळते. शिवाय त्यात गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. ही द्रव्ये कालांतराने खर्ची पडतात, म्हणूनच द्रव बदलावा लागतो. तथापि निव्वळ ग्लायकोल भरणे चूक होय, कारण उष्णता वाहून नेण्याची शक्ती पाण्यात अधिक आहे. द्रवाच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार घ्यावा व मुदतही तीच पाळावी.

प्रत्यक्ष कृती

ही कृती साध्या पेट्रोल वा डिझेल गाडीसाठी आहे. विजेवर चालणाऱ्या व संकरित गाड्यांच्या शीतन-यंत्रणेस घरी हात लावू नये.

१. एंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. तप्त एंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो, द्रवाचा काही अंश तत्क्षणी वाफ होतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते.

२. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा आणि किल्ली काढून ठेवावी. विजेचा पंखा काही गाड्यांत आपोआप सुरू होतो.

३. रेडिएटरच्या तळाशी रुंद भांडे ठेवून तळाची तोटी, ती नसल्यास खालची रबरी नळी, सोडवावी. गाडीत उष्णकाची सोय असल्यास तिचा खटका पूर्ण उष्ण बाजूस न्यावा. चेन्नईत तो वर्षानुवर्षे कोणी फिरवीत नाही, आणि त्या शाखेत जुना द्रव तसाच राहतो.

४. सहा लिटरांच्या यंत्रणेतून समजा चार लिटर बाहेर आले व दोन आत राहिले. तोटी बंद करून चार लिटर पाणी भरावे, वरची नळी गरम होईपर्यंत एंजिन चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पुन्हा रिकामे करावे. प्रत्येक धुलाईगणिक जुन्या द्रवाचे प्रमाण एक-तृतीयांशावर येते. तीन धुलायांनंतर ते एक-सत्ताविसांश उरते. पहिल्या दोन धुलायांस नळाचे पाणी चालेल, तिसरीस ऊर्ध्वपातितच हवे. घरी केवळ विंधन विहिरीचे पाणी असल्यास तिन्ही वेळा ऊर्ध्वपातित घ्यावे.

५. आत राहिलेले दोन लिटर पाणी हिशेबात धरावे. समप्रमाण मिश्रण हवे असल्यास प्रथम तीन लिटर अमिश्रित द्रव व नंतर एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी घालावे. दुकानातील तयार मिश्रण चार लिटर ओतल्यास प्रमाण निम्म्याऐवजी तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

६. द्रव सावकाश ओतावा. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास, त्यातून बुडबुड्यांविना धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. एंजिन तापवून थंड झाल्यावर पातळी दोन खुणांच्या मध्ये आणावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी.

काढलेल्या द्रवावर तेलाचा तवंग दिसला, किंवा पातळी वारंवार उतरू लागली, तर दोष आतला आहे. काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. पुटे काढण्यासाठी धुण्याचा सोडा किंवा तीव्र आम्ल वापरू नये. दोन्ही ऍल्युमिनिअम खातात.

काढलेला द्रव

वरील उदाहरणात चार लिटर जुना द्रव व बारा लिटर धुवण, असे सोळा लिटर जमा होते. धुवणातही ग्लायकोल असते. ते चवीला गोड असून विषारी आहे. सुमारे १०० मिलिलिटर मात्रा प्रौढ माणसाचा प्राण घेऊ शकते, मुलांस व मांजर-कुत्र्यांस तर त्याहून पुष्कळ कमी पुरते. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनते व त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. ते कोणाच्या पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तामिळनाडूत २००३ साली इमारतींना पर्जन्यजल-संचयाची सोय बंधनकारक झाली. अनेक घरांत फाटकाजवळच्या लोखंडी जाळीखाली पावसाचे पाणी जिरविणारा खड्डा असतो, आणि गाडीही बहुधा तेथेच उभी असते. तिच्याखाली सांडलेला द्रव त्या खड्ड्यात, म्हणजे ज्या भूजलावर आपली व शेजाऱ्यांची विहीर चालते त्यातच उतरतो. म्हणून गाडी जाळीपासून दूर घ्यावी, सांडलेला द्रव वाळू टाकून टिपावा, आणि सर्व द्रव घट्ट झाकणाच्या, ठळक नाव लिहिलेल्या डब्यात भरावा. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरांचा कॅन यासाठी घेऊ नये. तो पाणीवाल्याकडे परत जातो आणि पुन्हा पाण्यानेच भरला जातो. निरुपयोगी तेल व शीतक द्रव रीतसर विल्हेवाटीसाठी स्वीकारणाऱ्या गॅरेजची चौकशी काम सुरू करण्यापूर्वीच करावी, आणि तशी सोय नसेल तर हे काम त्या गॅरेजमध्येच करवून घ्यावे जेथे ती आहे.

विंधन विहिरींवर अवलंबून असणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकांसही हेच नियम लागू आहेत. जमिनीतील जड पाणी एंजिनात जाऊ नये आणि एंजिनातील विषारी पाणी जमिनीत जाऊ नये, एवढे सांभाळले की बाकीचे काम सोपे आहे.