आधी तिचा कागद वाच

बाळा, तुम्ही दोघं त्या दिवशी ओसरीवर वही घेऊन बसला होतात. एका पानावर कॅनडा, एकावर जर्मनी, एकावर दुबई, आणि प्रत्येकाखाली पगाराचा आकडा. घरात चार माणसं होती म्हणून मी काही बोललो नाही. आता निवांत लिहितो. सूनबाईलाही वाचून दाखव.

आपल्या बोरीत पूर्वी पोरगी द्यायची म्हटली की तिचा आजा नवरदेवाचं वावर नंतर पाहायचा. आधी विचारायचा, पाणी किती लांबून आणावं लागतं? अडाण नदीकाठी राहिलेल्या पोरीला माळावरच्या गावात द्यायला त्याचं मन धजायचं नाही. वावर मुलाचं असलं तरी घागर मुलीच्या डोक्यावर येते, एवढं त्याला कळत होतं. देश निवडताना तुम्हीही हीच चौकशी करा. नोकरीचं पत्र एकाच्या नावाने येतं. मागून जाणाऱ्याला तिथे काय करता येईल, ते पान आधी उघडा.

तुझी ताई 2008 साली न्यू जर्सीला गेली, तेव्हा हे आम्ही कोणी विचारलं नाही. जावई एच-वन-बी व्हिसावर, ती त्यांच्यामागे एच-फोरवर. बी. फार्म. पहिल्या वर्गात पास झालेली पोरगी, आणि त्या व्हिसावर तेव्हा नोकरीची मुभाच नव्हती. मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा थंडीचे दिवस होते. स्वयंपाकघरात डबे एका रांगेत लावलेले. हळद, तिखट, धणे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर भरल्याची तारीख, संपण्याची तारीख. औषधांच्या दुकानात असतं तसं. मी काही न बोलता चहा प्यायलो. 2015 च्या मे महिन्यात नियम थोडा सैल झाला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डची एक पायरी मंजूर झाली असेल तर बायकोला कामाचा परवाना मिळू लागला. पण ग्रीन कार्डात एका देशाच्या लोकांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या माणसांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. ताई आता कामाला आहे. मधली सात वर्षं मात्र तिला कोणी परत देणार नाही, आणि त्यात माझीही चूक आहे, कारण सोयरीक ठरवताना मी फक्त जावयाची कंपनी विचारली होती.

म्हणून प्रत्येक देशाचं हे पान आजचं वाच, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचं ऐकून ठरवू नको. ब्रिटनने मार्च 2024 पासून वृद्धांची देखभाल करायला येणाऱ्यांना नवरा-बायको, मुलं सोबत आणायची बंदी केली. कॅनडाने जानेवारी 2025 पासून जोडीदाराचा खुला परवाना बराच आवळला. आखातात पैसा साठतो, पगारावर आयकर नाही, पण नोकरी सुटली की थोड्या मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर सगळं घर उचलायचं. तिथे जायचं तर परत यायचं वर्ष आधी ठरवून जा.

आता खरी गोष्ट. तू डिप्लोमा मेकॅनिकल, आणि ती बी. एस्सी. नर्सिंग. बाप्पा, तुमच्या वहीत सगळीकडे तुझाच पगार काहून लिहिला आहे? जगाला आज नर्स जास्त हवी आहे. आपल्या राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी दहा हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यातही आरोग्यसेवेची कामं आहेत. तिथे नर्सला पदवीची मान्यता घ्यावी लागते आणि जर्मन भाषा साधारण बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. हे दीड-दोन वर्षांचं काम आहे, पगार मोजण्याआधी हे मोज. कुटुंब म्हणून मागून जाणाऱ्या जोडीदाराला तिथे कुठलीही नोकरी करायची मोकळीक आहे. त्याला भाषेची पहिली पायरी, ए-वन, बहुधा लागतेच. म्हणजे शिकवणी दोघांनीही आजपासून लावा.

बायकोच्या मागून गेलो तर लोक काय म्हणतील, हे मनात आणू नको. गोपाळराव जोशींनी अमेरिकेतल्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं तेव्हा स्वतःसाठीही काम मागितलं होतं. 1883 मध्ये बोटीत बसल्या त्या त्यांच्या पत्नी आनंदीबाई, डॉक्टरकी शिकायला, कारण तिथलं दार त्यांच्यासाठी उघडलं. गोपाळराव नंतर गेले.

एजंटला पैसे द्यायच्या आधी त्याचा परवाना ई-मायग्रेट संकेतस्थळावर नंबरासकट तपास. सरकारने ठरवलेली सेवा-फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि जीएसटी, त्यावर मागणाऱ्याला नमस्कार करून उठ. दोघांचे पासपोर्ट दोघांच्याच हातात राहू देत, मालकाच्या कपाटात नकोत.

आणि एक. तुमच्या लग्नाची नोंद अजून झालेली नाही, मी विचारून घेतलं. नुसती पत्रिका आणि फोटो वकिलातीत सहसा चालत नाहीत. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारीच, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, विवाह निबंधक असतात, सोमवारी दोघं जा. सूनबाईच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर आपलं. कोणतं नाव पासपोर्टवर घालायचं ते तिला ठरवू दे, आणि मग सगळीकडे तेच एक लिहा. साक्षीदार म्हणून मी येतो.